राखलेलं पांढरं

रुपाली नगराळेला त्या दिवशी एका जागी बसवत नव्हतं. हॉलमध्ये खुर्च्या होत्या, ओळखीची माणसं होती, इंदुताईंनी तर तिच्यासाठी शेजारची खुर्ची पर्स ठेवून अडवून धरली होती. पण ही बाई घडीभर टेकायची आणि उठायची. कधी पाणी प्यायला, कधी फोन आल्याचं सोंग करून बाहेर, कधी उगाच फाटकापाशी, घरी परतायची नेरची बस गेली का ते बघायला. एक बस गेली तर दुसरी मिळेल हे तिला कळत नव्हतं असं नाही. पायांनाच ते कळत नव्हतं.

"अवं, बस नं जरा," इंदुताई म्हणाल्या. "मुंग्या चावून राह्यल्या का तुले?"

"बसली तर जास्त होते ताई."

"काय जास्त होते?"

रुपाली तोवर पुन्हा उठली होती. स्टेजच्या बाजूला परीक्षक बाई एकेका चित्रासमोर उभ्या राहत होत्या, मान वाकडी करत होत्या, पुढे सरकत होत्या. त्यांची मान कोणत्या चित्रापाशी किती वाकडी होते, यावर रुपालीचा जीव वरखाली होत होता.

यवतमाळ जिल्हा दृश्यकला मंडळ हे नाव चांगलं भारदस्त आहे. प्रत्यक्षात मंडळ म्हणजे शाळांचे ड्रॉइंग मास्तर, दुकानांचे बोर्ड रंगवणारे, लग्नातल्या रांगोळ्या काढणाऱ्या दोघी-तिघी, आणि निवृत्त झाल्यावर एकाएकी रंगपेटी विकत घेतलेले बँकवाले. स्वतःची जागा नाही. वर्षाचं प्रदर्शन भरायचं ते दारव्हा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात, दोन लग्नांच्या मधल्या रिकाम्या दिवशी. म्हणून स्टेजवर अजून आदल्या लग्नाची फुलांची कमान होती, झेंडू सुकले होते, आणि नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. त्यातल्या नवरदेवाच्या खुर्चीवर मंडळाचे संस्थापक नानाजी गावंडे सर बसले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात काठी. कोणी चिडवलं तर म्हणत, "नवरी आणा मंग, मी तयार आहो."

मंडळाचा सचिव कपिल. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुपही तोच चालवतो. "सदस्यांसाठी संधी" अशा मथळ्याखाली तो शिबिरं, स्पर्धा, प्रदर्शनं टाकत असतो. मनानं अतिशय चांगला माणूस, पण त्याने टाकलेल्या बहुतेक संधींची शेवटची तारीख आदल्या दिवशी उलटलेली असते. खाली सगळे टाळ्यांची आणि नमस्काराची चित्रं टाकतात आणि विषय संपतो. बडोद्याची संधी मात्र काय चमत्कार झाला कोण जाणे, वेळेवर आली. महिनाभराचं शिबिर, राहायला खोली, काम करायला उजेडाचा स्टुडिओ, देशभरातून आलेले चित्रकार, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून प्रदर्शन. मंडळाला जागा एकच. परीक्षक बाहेरच्या येणार, नागपूरहून, अर्पिता मॅडम. वयाची एक अट होती, आणि त्या अटीत रुपाली यंदा कशीबशी बसत होती. पुढच्या वर्षी बसणार नव्हती.

म्हणून हे पायांचं नाचणं.

त्याहून खोल आणखी एक गोष्ट होती, जी ती कोणाला सांगत नसे. मंडळात तिला नानाजींची झेरॉक्स म्हणत. प्रेमानेच म्हणत, पण म्हणत. राजूरच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाची ही पोरगी शाळेत असताना तिथले ड्रॉइंग मास्तर नानाजी यांच्या हाती लागली. जलरंग म्हणजे काय ते त्यांनी शिकवलं, कागद कसा भिजवायचा, ब्रश कसा धरायचा, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो. कागद जिथे कोरा सोडाल तिथेच उजेड. आणि दुसरी गोष्ट, काळा रंग पेटीत ठेवायचा नाही. "काळा लावला का कागदाले भोक पडलं समज," असं म्हणून त्यांनी तिच्या पहिल्या पेटीतली काळी वडी सुरीने उकरून नालीत फेकली होती. पोरगी रडली होती. पण शिकली. इतकी शिकली की पुढे ती स्वतः नेरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागली तेव्हाही तिचं चित्र लांबून बघून लोक म्हणत, "नानाजींचं का?" दर वेळी तिला आनंद व्हायचा आणि दर वेळी काहीतरी आत कुरतडायचं. नानाजींनी मात्र तिच्या चित्राला कधी तोंडभरून चांगलं म्हटलं नाही. "बरं आहे. काढत राह्य," एवढंच. इतक्या वर्षांत एवढंच.

यंदाचं चित्र तिने राजूरला माहेरी बसून काढलं. कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगच्या बाजूची वस्ती, आणि अंगणात दोरीवर वाळत घातलेले कपडे. आई उभा जन्म ते कपडे धूत आली आणि ते वाळेपर्यंत पुन्हा काळे होत आले. कपडे रुपालीने नानाजींच्या शिकवणीप्रमाणे कोरे राखले. पण भोवतालची ती राजूरची हवा निळा आणि तांबडा मिसळून काही केल्या जमेना. तीन कागद फाडले. शेवटी चुलीमागचा कोळशाचा खडा उचलला, पाट्यावर वाटला, डिंकाच्या पाण्यात कालवला आणि लावला. वरून कोरडी पूडही बोटाने चोळली. चोळताना चोरी केल्यासारखी ती दाराकडे बघत होती. चित्र मात्र असं उभं राहिलं की आई मागून येऊन म्हणाली, "हे तर आपलंच अंगण आहे वं."

मंडळाचे नियम नानाजींनीच घालून दिलेले. चित्राकडे बघायचं, नावाकडे नाही, म्हणून प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीवर कपिल कागदाची पांढरी पट्टी चिकटवतो. परीक्षकांनी बाजूला काढलेली चित्रं स्टेजमागे भिंतीकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे कोणाला लाज वाटत नाही. आणि निवडलेल्या चित्राची पट्टी संस्थापकांनी स्वतःच्या हाताने काढायची. एरवी नानाजींचं चित्र स्पर्धेत नसतंच, ते दाराशी मानाने लावतात. यंदा त्यांनी हट्ट धरला. "मलेही पट्टी लावा. मी का मेलो काय?" कोणाची नाही म्हणायची छाती झाली नाही.

कारण नानाजींचं अलीकडे बरं नव्हतं. मोतीबिंदू होता तो एक भाग. दुसरा भाग असा की गेल्या सभेत त्यांनी आपलं भाषण संपवलं, टाळ्या झाल्या, ते खाली बसले, आणि पुन्हा उठून तेच भाषण पहिल्यापासून केलं. मंडळाने दुसऱ्यांदाही टाळ्या वाजवल्या. या गोष्टीवर कोणी बोलत नसे. सगळ्यांनी मिळून तिच्यावर पांघरूण घातलं होतं.

नानाजींचं चित्र स्टेजमागे भिंतीकडे तोंड करून गेलेलं रुपालीने सकाळीच पाहिलं होतं. कपिलनेच उचलून नेलं, मान खाली घालून.

आणि आता भिंतीवर मोजकी चित्रं उरली होती, त्यात दोरीवरचे कपडे अजून होते.

अर्पिता मॅडम अखेर माईकपाशी आल्या. म्हणाल्या, "निवड अवघड नव्हती, खरं सांगते. हे चित्र दारातून आत आल्यापासून मला बोलावत होतं." आणि त्यांनी बोट दाखवलं.

रुपालीच्या कानात घंटा वाजल्यासारखं झालं. इंदुताईंनी तिच्या मांडीवर थाप मारली की स्वतःच्या, हेही तिला कळलं नाही. कपिल नानाजींना हाताला धरून स्टेजवरून उतरवत होता. म्हातारा काठी टेकत टेकत चित्रासमोर आला. पट्टी काढण्यासाठी हात पुढे केला, आणि थांबला. नाक कागदाला लागेल इतका जवळ गेला. मग दोन पावलं मागे. मग पुन्हा जवळ.

"पाहा," नानाजी म्हणाले. आवाज एकदम शाळेतला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "हे पांढरं पाहा. लावलेलं नाही, राखलेलं आहे. हा सदरा पाहा, याची बाही. एका दमात सोडली कोरी, हात कुठी अडकला नाही. अशी बाही जमाले अर्धी जिंदगी जाते. मले जवानीत जमली नसती." ते हसले, लहान मुलासारखे. "मले वाटलं होतं माहा हात गेला. गेला नाही. हे मी काढलं तवा मले माहीत नव्हतं इतकं चांगलं उतरलं म्हणून."

 मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मंडळाची सवयच ती.

अर्पिता मॅडमना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांचे डोळे भरून आले. "सर, हे तुमचं आहे? या वयात हे धाडस? वयाच्या अटीचं मी बघते. मी स्वतः बडोद्याला बोलते. तुमच्यासारख्यांसाठी अट असू शकत नाही." आणि खरोखरच फोन काढून त्या बाजूला जायला निघाल्या.

रुपाली उभी होती. कधी उठली ते आठवत नव्हतं. तिच्या चित्राची अशी तारीफ तिने जन्मात ऐकली नव्हती, आणि ती त्याच तोंडून आली होती ज्या तोंडाकडे ती पोरवयापासून बघत आली. फक्त ती तारीफ तिची नव्हती. तिला हसावं की रडावं कळेना, आणि त्याहून खरं सांगायचं तर तिला राग आला होता. म्हाताऱ्याचा राग आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला, आणि आपली बाही इतकी त्यांच्यासारखी उतरली म्हणून स्वतःचाही आला.

कपिल लगबगीने तिच्याजवळ आला. पट्टी त्यानेच लावलेली, त्याला सगळं ठाऊक होतं. "ताई, आता काही बोलू नका," तो कुजबुजला. "सगळ्यांच्या समोर म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा नको. नंतर पाहू. मी मॅडमले फोन करून सांगीन."

"नंतर कवा?"

"नंतर म्हणजे… नंतर."

मंडळातलं नंतर रुपालीला चांगलं ठाऊक होतं. कपिल तर उलटलेल्या तारखांचा राजा. आज संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नानाजींचा फोटो पडेल, खाली टाळ्या पडतील, उद्या पेपरात येईल, आणि मग कोणाच्या तोंडाला येईल की ते चुकलं होतं? तिच्याही नाही. ती स्वतःला ओळखून होती. आज गप्प राहिली तर जन्मभर गप्प राहील, आणि जन्मभर या माणसाला मनातल्या मनात बोल लावत राहील. ते तिला नको होतं. त्यापेक्षा आताच वाईट झालेलं बरं.

ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली.

"नानाजी."

"हं? कोण, रुपाली? ये पोरी, पाह्य. तुले सांगतलं होतं न, पांढरं राखाचं असते."

"हाव नानाजी." "पण यात काळा आहे."

"काय आहे?"

"काळा. काळा रंग लावला आहे यात."

नानाजींच्या कपाळाला आठी पडली. "येडी झाली का? माह्या चित्रात काळा? माह्या पेटीतच नाही तो. सावली आहे ते, निळा न तांबडा." आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांच्या बोटांवर छड्या मारल्या, चित्राला हात लावायचा नाही म्हणून, त्याने बोट पुढे केलं आणि चित्रातल्या हवेवर टेकवलं.

बोट काळं झालं.

ते बोट डोळ्यांपाशी नेऊन म्हातारा कितीतरी वेळ बघत राहिला. दुसऱ्या बोटावर घासलं. तेही काळं झालं. फोन कानाला लावलेल्या अर्पिता मॅडम तिथेच थांबल्या.

"हे माह्य नाही," नानाजी म्हणाले.

त्यांनी स्वतःच नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ती ओढली. कोऱ्या कागदावर, सहीच्या बाजूला, त्यांच्या बोटाचा काळा ठसा उमटला. अर्पिता मॅडम "अहो सर" म्हणाल्या, पण तोवर उमटून गेला होता. म्हाताऱ्याने वाकून सही वाचली, एकेक अक्षर ओठांवर घेत.

"तुह्य आहे."

"हाव."

"काळा नको वापरू म्हणून सांगतलं होतं न मी तुले?"

"सांगतलं होतं."

"मंग काहून वापरला?"

"राजूरले दुसरा रंगच नाही नानाजी," रुपाली म्हणाली. तिचे डोळे वाहायला लागले होते आणि ती पुसत नव्हती. "लय करून पाह्यलं. निळ्या-तांबड्यात नाही येत तथली हवा. कोळसाच वाटला मंग."

नानाजींनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. या वेळी बाहीकडे नाही, भोवतालच्या हवेकडे.

"भोक नाही पडलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, जरा कुरकुरत, "नाही पडलं भोक."

अर्पिता मॅडम रुपालीपाशी आल्या, तिचा हात हातात घेतला, नाव विचारलं, वय विचारलं, बडोद्याला कधी निघता येईल विचारलं. रुपालीने काहीतरी उत्तरं दिली. इंदुताई मोठ्याने नाक शिंकरत होत्या. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी जरा अडखळत, आणि फोटोवाला पुढे सरसावला. इतक्या वर्षांची जी हुरहूर, ती आता तरी खाली बसेल असं तिला वाटलं. बसली नाही. कारण त्या टाळ्यांच्या मधूनच नानाजींचा आवाज आला, साधा, चौकशीचा.

"मंग माह्य कुठी आहे?"

टाळ्या विरल्या. कपिल छताकडे बघायला लागला. नानाजी भिंतीवरच्या एकेका चित्रापाशी जाऊन नाक लावून बघत होते. "मी दिलं होतं न एक? का नव्हतं दिलं?" ते वळले आणि सगळ्यांकडे बघत उभे राहिले. त्या नजरेत राग नव्हता. जत्रेत हात सुटलेल्या पोराच्या नजरेत असते तशी घाबरगुंडी होती.

"मी आणते," रुपाली म्हणाली.

"ताई, नका," कपिल म्हणाला. पण ती गेलीच.

स्टेजमागे अंधारं होतं. लग्नातल्या पत्रावळ्यांचे गठ्ठे, एक तुटका पाट, आणि भिंतीकडे तोंड करून उभी असलेली चित्रं. नानाजींचं तिने मागच्या बाजूनेच ओळखलं. सुतळी बांधायची त्यांची गाठ तिला पाठ होती, ती स्वतःही तशीच बांधायची. दोन्ही हातांत धरून तिने ते बाहेर आणलं. बेंबळा नदीचा काठ होता, चिंचेचं झाड, पाणी. आभाळ गढूळ झालेलं, झाडाचा बुंधा थरथरलेला. सहीवर पट्टी तशीच होती. हॉलच्या उकाड्याने तिचं एक टोक सुटलं होतं.

तोवर नानाजींना पुन्हा नवरदेवाच्या खुर्चीवर बसवलं होतं. रुपाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि चित्र गुडघ्यांवर उभं धरलं. त्यांनी मान पुढे केली. शाळेत वही तपासताना करायचे तशीच, जीभ गालात घोळवत.

"हं," ते म्हणाले. "आभाळ दोनदा धुतलं यानं. कागद थकला. एकदा धुतलं का सोडून द्याव, हे नाही कळत लोकाईले." काळं बोट हवेत फिरवत त्यांनी बुंध्यावर आणलं, पण या वेळी टेकवलं नाही. "अथी हात हालला. घाई केली. का थंडी वाजत होती, कोण जाणे." मग ते पाण्यापाशी थांबले. पाण्यावर उन्हाची एक तिरीप होती, कोरी सोडलेली, केसासारखी बारीक. तिच्याकडे ते बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "पण हे राखलं पाह्य. हे बरोबर राखलं. याले कोणीतरी नीट शिकोलं आहे."

"हाव," रुपाली म्हणाली.

"कोणाचं आहे?"

अर्पिता मॅडमना आता सगळं कळलं होतं आणि त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं. रुपालीचा अंगठा चित्राच्या कोपऱ्यावर होता, पट्टीच्या सुटलेल्या टोकाशी. एक झटका पुरे होता. घडीभरापूर्वी तिने स्वतःच्या चित्रासाठी खरं बोलायची हिंमत केली होती, आणि त्याबद्दल तिला पस्तावा नव्हता. पण एका दिवसात एका माणसाला किती खरं दाखवायचं, हे तिचं तिला ठरवायचं होतं.

तिने अंगठा दाबला आणि पट्टीचं टोक पुन्हा घट्ट चिकटवलं.

"नवीन मेंबर आहे नानाजी," ती म्हणाली.

"असं व्हय?" म्हातारा मागे टेकला. समाधानाने त्याने काळं बोट आपल्या पांढऱ्या धोतराला पुसलं. "बरं आहे म्हणा त्याले. काढत राह्य म्हणा. पुढच्या साली येईल नंबर."

"सांगीन," रुपाली म्हणाली, आणि तशीच बसून राहिली. नेरची बस गेली, तरी ती उठली नाही.